शेजारची सीट

विमानात एकच जागा रिकामी होती, आणि ती कुणाला मिळणार यावरून अनुपमाच्या शिरूरच्या घरात सकाळपासून चार चुली पेटल्या होत्या. खऱ्या चुलीवर मासवडीचा रस्सा उकळत होता. त्याच्यापाशी मात्र अनुपमा एकटीच उभी होती.

भांडगावची माहेरची मंडळी उजाडताच आली होती. वडील आबा, भाऊ विक्रम, त्याची बायको अनिता. ज्ञानेश्वरीनं आपलं विमान काल घोड नदीच्या अंगाला, एका बंद पडलेल्या बियाणे कंपनीच्या धावपट्टीवर उतरवलं होतं. भांडगावला धावपट्टी असती तर सत्कार तिकडंच झाला असता. नव्हती, म्हणून तो शिरूरला होता. आणि शिरूरला होता म्हणून धाकट्या बहिणीच्या सत्काराचा स्वयंपाक थोरलीच्या गळ्यात पडला होता.

"आमच्या ह्यांना रात्रीपासून एकच लागलंय," अनिता कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली. "विमानात बसायचं, भांडगाववर गिरक्या घालायच्या आन् वरनं गुलाबाच्या पाकळ्या सोडायच्या."

"पाकळ्या सोडायला ते काय वरातीतलं घोडं हाय व्हय?"

अनिता हसली. मग आवाज उतरवून म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्हाला न्हाई वाटत बसावं?"

अनुपमानं बेसनाच्या पोळीवर खसखशीचं सारण पसरलं, फडक्यानं ती घट्ट वळली आणि दोन्ही बाजूंनी दाबून मासवडीला आकार दिला. "मला भाकरी करायच्यात," ती म्हणाली.

तेवढ्यात प्रांजल आत आली. अनुपमाची एकुलती एक, बारावीला होती. डोक्यावर मावशीची निळी टोपी. "आई, ठरलं! मावशी मला बसवणारे. वर गेल्यावर दांडापण हातात देणारे."

"मला विचारलं कुणी?"

"तू नको म्हणतेस ना, म्हणून आधी मावशीला विचारलं." पोरगी भाजलेले शेंगदाणे तोंडात टाकून निघूनही गेली.

अनुपमाच्या हातात फडकं तसंच राहिलं.

ज्ञानेश्वरीच्या पराक्रमाचं सगळ्या जिल्ह्यात कौतुक चाललं होतं. कन्याकुमारीपासून लेहपर्यंत, दोन माणसांच्या हलक्या विमानातून, एकटीनं जाणारी पहिली बाई. पेपरात आलं, टीव्हीवर आलं. भांडगावच्या वेशीवर तिचा फ्लेक्स लागला. पण या घरात विमानात पहिली बसली होती ती अनुपमा. पुण्याच्या कॉलेजात असताना ती एनसीसीच्या हवाई तुकडीत होती. ग्लायडरमधून वर गेली होती, पुढच्या शिबिरासाठी तिचं नावही निघालं होतं. ज्ञानेश्वरी तेव्हा शाळकरी होती. ताईचा निळा गणवेश घालून आरशापुढं उभी राहायची, बाह्या कोपराच्या खाली लोंबायच्या. मग शिरूरचं स्थळ आलं. आबांनी सुपारी फोडली. शिबिर राहून गेलं.

काही वर्षांनी धाकटीनं पायलट व्हायचं काढलं तेव्हा त्याच आबांनी एका शब्दात होकार दिला. एका बापाचे दोन न्याय. अनुपमानं ते कधी बोलून दाखवलं नाही. सत्यजीतरावांसारखा नवरा मिळाला होता. रांजणगावच्या कारखान्यात सुपरवायझर, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही, बायकोला कधी चढा आवाज नाही. कुणावर चिडायचं म्हटलं तरी माणूस सापडत नव्हता. त्यामुळं सगळी चीड एकाच दिशेला जात राहिली. आकाशाच्या.

*

विक्रम दारात सत्काराच्या खुर्च्या टेम्पोत भरून घेत होता, पण त्याचं लक्ष तिथं टेकवलेल्या फ्लेक्सकडं होतं. फ्लेक्स त्यानंच छापून घेतला होता. त्यात ज्ञानेश्वरी विमानाएवढी मोठी होती आणि खाली कोपऱ्यात, 'शुभेच्छुक' म्हणून, तो पासपोर्ट फोटोएवढा.

त्यानं कमी कष्ट काढले नव्हते. सोसायटीपासून सुरुवात केली होती. लोकांच्या मयताला गेला, बारशाला गेला, कुरकुंभच्या कंपन्यांत पोरं चिकटवून दिली. पंचायत समितीच्या तिकिटासाठी दोनदा रांगेत उभा राहिला आणि दोनदा मागं सारला गेला. आणि परवा चौफुल्याला चहा पिताना एक अनोळखी माणूस उठून त्याच्याजवळ आला. विक्रम हात जोडायच्या बेतात होता. माणूस म्हणाला, "तुम्ही त्या पायलटबाईंचे भाऊ ना?"

आज मार्केट कमिटीचे सभापती यायचे होते. त्यांच्यासमोर विमानातून उतरायचं, एवढंच त्याचं मागणं होतं. ते त्यानं सकाळी चहाच्या वेळी बहिणीपुढं ठेवलं. ज्ञानेश्वरीनं त्याच्याकडं एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"दादा, तुझं वजन न्हाई चालायचं रे. ते विमान हाय, ट्रॅक्टर न्हाई."

सगळे हसले. आबासुद्धा हसले. विक्रमही हसला, आणि बशीतला चहा तसाच ठेवून उठला.

आता तो स्वयंपाकघरात आला आणि अनिताला म्हणाला, "तू जरा बाहेर पाहुण्यांचं बघ." ती गेल्यावर तो अनुपमाजवळ खाली पाटावर बसला. लहानपणी रागावला की असाच येऊन बसायचा.

"ताई, प्रांजल बसतीये म्हणं."

"बसू दे."

"आज बसंल. आन् उद्या?"

"उद्या काय?"

"तुला खरंच कुणी सांगितलं न्हाई?" विक्रमनं इकडंतिकडं पाहिलं. "बारावी झाली की ज्ञानू तिला हैदराबादला नेणार. स्वतःच्या घरी ठेवणार, पायलट करणार. आबांच्या कानावर घातलंय तिनं. आबा म्हणाले, ने. मी तिथंच व्हतो."

अनुपमानं तव्यावरची भाकरी उलटली नाही. ती करपल्याचा वास आला तेव्हा विक्रमनंच हात लांबवून ती तव्यावरून काढली.

"माझ्या पोरीचं," अनुपमा सावकाश म्हणाली, "मला सोडून सगळ्या घराचं ठरलं."

"तिचं सगळं असंच असतं ताई. आपण दोघं खालचे. ती वरची."

कित्येक वर्षांत बहीण-भाऊ असे एका बाजूला बसले नव्हते. वाटणीच्या वेळी तर दोघांनी वर्षभर एकमेकांना फोन केला नव्हता. आता एका तव्यापाशी दोघांचं एक झालं होतं, आणि विक्रमला ते फार बरं वाटलं.

*

धावपट्टीच्या कडेला मांडव घातला होता, जेवणाची पातेलीही तिथंच आली होती. ऊन चढलं तरी हवेत थंडी होती. विमान पांढरं, बुटकं, पंखांवर निळी पट्टी. लोकांना ते फार लहान वाटलं. "एवढ्याशातनं लेहला गेली?" असं म्हणत बाया त्याच्या शेपटाला हात लावून बघत होत्या.

शाल झाली, नारळ झाला, सभापतींचं भाषण झालं. मग ज्ञानेश्वरी उठली. ती भाषण करणाऱ्यांतली नव्हती. "बोलण्यापेक्षा उडवून दाखवते," म्हणाली आणि प्रांजलला हाक मारली. पोरगी पळतच निघाली. टाळ्या पडल्या.

"प्रांजल, थांब."

अनुपमाचा आवाज मोठा नव्हता, पण माईक जवळ होता. तो सगळ्या मांडवात गेला.

"आई, काय आता?"

"तू बसणार न्हाईस."

ज्ञानेश्वरी हसत जवळ आली. "ताई, अगं पाच-दहा मिनिटं. एक चक्कर फक्त."

"ह्या विमानात माझी पोरगी बसणार न्हाई." अनुपमानं बहिणीकडं बघायचं टाळलं आणि आबांकडं वळली. "आबा, तुम्ही प्रांजलला न्यायला होकार दिला न्हाई का? मग एवढंपण ऐका. हे विमान चंबळच्या अलीकडं हवेत बंद पडलं व्हतं. वरच्या वर इंजिन बंद. हिनं कसंबसं बाजरीच्या रानात उतरवलं. थोडं इकडंतिकडं झालं असतं, तर आज ही शाल फोटोला घालायला लागली असती."

 मागं कुणीतरी मोबाइल वर केला. सत्यजीतरावांनी जाऊन तो हातानं खाली केला.

ज्ञानेश्वरीचा चेहरा उतरला. "ताई," ती म्हणाली, "तुला शपथ घातली व्हती मी."

विक्रम सभापतींच्या शेजारी उभा होता. त्याला हवं ते झालं होतं, म्हणजे सत्कार विस्कटला होता. पण आबांकडं नजर गेली आणि तो गर्दीतून आबांच्या खुर्चीपाशी आला.

जयसिंगआबा काठीवर दोन्ही हात ठेवून खुर्चीत बसले होते. ते उठले. "खरं का, ज्ञानू?"

"खरं. फिल्टरमधी कचरा अडकला व्हता. त्याची चौकशी झाली, तपासणी झाली, मगच पुढं जाऊ दिलं. लपवलेलं काही न्हाई, आबा."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही घाबरला असता."

"मग हिला कसं सांगितलं?"

ज्ञानेश्वरीनं खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. "रानात उतरले. बांधावर बसले आन् फोन काढला. कुणाला लावायचा ह्याचा विचार न्हाई केला. ताईलाच लागला."

अनुपमानं मान खाली घातली. त्या दुपारचा फोन तिला आठवत होता. पलीकडून आधी नुसताच श्वास ऐकू आला होता. मग, 'ताई, मी हाय गं. मी हाय.' अनुपमा दळण टाकायला निघाली होती. गिरणीच्या ओट्यावर ती तशीच खाली बसली होती, आणि बहीण पूर्ण शांत होईपर्यंत बोलत राहिली होती. त्या दिवशी तिच्या मनात हेवा शोधूनही सापडला नसता.

आबांनी काठी विक्रमच्या हातात दिली. "धर."

"कुठं निघाला आबा?"

"मी बसतो."

एकच गलका झाला. अनिता आडवी आली. "आबा, डॉक्टरनं गुडघ्यामुळं जिनासुद्धा चढू नका म्हणलंय!"

"जिन्याचंच म्हणलाय. विमानाचं काय बोलला न्हाई." आबांनी धोतराचा सोगा खोचला. "माझी पोरगी ज्याच्यात मरता मरता वाचली, ते कसलं हाय ते मला बघू दे. पोरीबाळी मागनं बसतील. आधी बाप."

*

विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा आबांनी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा घोड नदी खाली वळसा घेऊन पडली होती आणि धरणाचं पाणी उन्हात नुसतं चकाकत होतं. ज्ञानेश्वरीनं त्यांना रांजणगावच्या कारखान्यांची निळी छपरं दाखवली, नगरचा रस्ता दाखवला, मग दक्षिणेकडं बोट केलं. "त्या धुरकटाच्या पलीकडं भीमा. तिकडं दौंड. आपलं भांडगाव त्याच्या अलीकडं, उजव्या हाताला."

आबांनी मान हलवली. कानावर हेडफोन, तोंडापुढं माईक. बोललेलं ऐकू जातं, हे त्यांना समजावून सांगितलं होतं.

या घटकेची ज्ञानेश्वरीनं फार वाट पाहिली होती. लेहला उतरली तेव्हा अधिकारी होते, फुलं होती, कॅमेरे होते. संध्याकाळी घरी फोन केला तर आबा म्हणाले होते, 'पोचलीस ना? बरं. तिकडं थंडी आसंल.' एवढंच. तिनं मनाशी धरलं होतं, एकदा त्यांना शेजारी बसवायचं. वर नेल्यावर बोलतील.

आबा बोलले. "अनू बसली व्हती ते असलंच व्हतं का?"

"न्हाई. ते ग्लायडर. त्याला इंजिन नसतं."

"इंजिनच नसतं?"

"न्हाई."

"आन् ती बसली?" आबा काचेतून खाली बघत राहिले. "आयला. पोरीनं कधी सांगितलं न्हाई."

ज्ञानेश्वरीनं विमान हळूच वळवलं.  इथंसुद्धा ताई. लहानपणी बाजारातून आले की आबांची पहिली हाक 'अनू' असायची. पाणी अनूच्या हातचं, मासवडी अनूच्या हातची, दुखलंखुपलं अनूला सांगायचं. लग्न होऊन ती शिरूरला गेली, तर आबा दर पंधरवड्याला एसटी धरून शिरूरला जायला लागले. ज्ञानेश्वरीला कुणी अडवलं नव्हतं हे खरं. तसं कुणी धरूनही ठेवलं नव्हतं.

"तवा तिला शिबिराला जाऊ दिलं असतं तर—"

"आबा," ती मध्येच म्हणाली, "मी एकटी लेहपर्यंत गेले. सगळ्यांनी शाबासकी दिली. तुम्ही एकदा तरी म्हणलात का, ज्ञानू, चांगलं केलंस म्हणून?"

आबांनी माईक ओठांजवळ ओढला.

"तुला म्हणायला आख्खा तालुका हाय," ते म्हणाले. "तिला कोण म्हणणार?" मग त्यांनी आपला खरबरीत हात तिच्या मनगटाजवळ नेला, पण दांड्याला धक्का लागेल म्हणून मागं घेतला. "तिचं मोडलं, ती काय बोलली न्हाई. गपगार नांदायला गेली. ते माझ्या लई जिव्हारी बसलं. म्हणून तू इचारलंस तवा मी दुसरा शब्द काढला न्हाई. तू चांगलंच केलंस. पण वाट तिच्या वाट्याची व्हती, ज्ञानू."

ज्ञानेश्वरीला ताईचा तो निळा गणवेश आठवला नाही, शाळा आठवली नाही. फक्त एवढंच कळलं की हे आकाशसुद्धा आपल्याला ताईचं उरलेलं म्हणून मिळालं. राग यायला हवा होता तो आला. तो आबांवर होता की ताईवर, हे तिला नीट सांगता आलं नसतं. तिनं विमान धावपट्टीच्या रेषेत आणलं आणि उतरवायच्या कामाला लागली, कारण ते काम तिला येत होतं.

*

खाली अनुपमा मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. ठिपका दिसेनासा झाल्यापासून तिनं मान खाली केली नव्हती. बाप आणि बहीण, दोघं एका यंत्रात, आणि आपणच सगळ्यांना सांगितलेलं की ते बंद पडतं.

विक्रम जवळ आला. "ताई, सगळ्यांसमोर काढायचं व्हतं का ते?"

"पेटवलंस तूच ना?"

"मी प्रांजलचं बोललो. बाकीचं तुझं तू." आणि तो परत सभापतींच्या खुर्चीकडं गेला. तव्यापाशी झालेली युती एवढ्यातच मोडली.

सत्यजीतराव मात्र थांबले. ते कमी बोलणारे. "तिनं त्या रानातनं तुला फोन केला," ते म्हणाले. "ना आबांना, ना कुणा मैत्रिणीला. ते तू इथं असं खर्चलंस, अनुपमा." एवढं बोलून ते पाहुण्यांना पाणी द्यायला गेले. तिला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

विमान उतरलं. आबांना दोघांनी धरून खाली घेतलं. जमिनीवर पाय टेकताच ते म्हणाले, "चला, भूक लागली," आणि जसं काही बाजारातून आलोय, असे चालायला लागले. त्यांच्यामागं गर्दीही जेवायला वळली. प्रांजल तेवढी थोड्या अंतरावर थांबली, रुसलेली, टोपी हातात.

ज्ञानेश्वरी विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावत होती. अनुपमा जवळ जाऊन उभी राहिली.

"चुकलं माझं."

"चुकलं," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिनं वर पाहिलं नाही. "माझंपण चुकलं. प्रांजलचं आधी तुझ्याशी बोलायला पायजे व्हतं. पण तू न्हाई म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

 मग अनुपमानं विचारलंच. "आबा काय बोलले वर?"

काही नाही, एवढे दोनच शब्द ज्ञानेश्वरीच्या ओठावर होते. ते म्हणाली असती तर वरचं बोलणं वरच राहिलं असतं, आणि एवढी एक गोष्ट तरी फक्त तिची झाली असती. तिनं दुसऱ्या चाकाला ठोकळा लावला, उठली, हात पुसले.

"तुझंच बोलत व्हते," ती म्हणाली. "सगळा वेळ. म्हणाले, वाट तिच्या वाट्याची व्हती."

अनुपमाचा पदर तोंडाशी गेला. रडू आलं नाही. कितीतरी वर्षं साठवून ठेवलेलं भांडण होतं, आणि आता ते कुणाशी भांडायचं, हेच तिला समजेना. "मला कधी म्हणाले न्हाईत."

"मला तरी कुठं म्हणाले? मी पार लेहला जाऊन आले, ताई. तुझ्या एका मासवडीची बरोबरी झाली न्हाई."

अनुपमानं चमकून तिच्याकडं पाहिलं. आपला हेवा करणारं कुणी असेल, आणि तेही ही, असं तिला कधी स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आणि ते ऐकून तिला बरं वाटलं. बहिणीचं दुःख ऐकून बरं वाटलं, याची लाजही वाटली, पण बरं वाटायचं थांबलं नाही.

"चल, बस," ज्ञानेश्वरी म्हणाली. दार तिनं स्वतःच उघडलं. "तुला घेऊन जाते. जेवण राहू दे थोडं. अजून तेल हाय."

आत दोन सीटा होत्या, एकमेकींना चिकटून. पुढं घड्याळंच घड्याळं. अनुपमानं दाराच्या कडेला हात लावला. पत्रा उन्हानं कोमट झाला होता. पाय उचलावा, एवढंच अंतर होतं. तिचा पाय उचललाही गेला.

मग तिनं तो खाली ठेवला.

"न्हाई."

"का गं? अजून राग हाय?"

"हाय. खोटं कशाला बोलू? आज बसले तर तू बसवलंस म्हणून बसले, असं व्हईल. जन्मभर तेच डोक्यात राहील." तिनं मागं वळून हाक मारली, "प्रांजल, इकडं ये."

पोरगी पाय ओढत आली.

"बारावी झाली की हैदराबादला जायचं. पण मावशीच्या घरी न्हाई, होस्टेलला राहायचं. सुट्टी लागली की शिरूरला यायचं, मधी कुठं थांबायचं न्हाई. कबूल?"

प्रांजलला आधी कळलंच नाही. कळलं तशी ती आईच्या गळ्यात पडली, टोपी खाली मातीत पडली. मावशीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"ताई," ज्ञानेश्वरी म्हणाली, "माझ्या घरात खोली रिकामी हाय गं."

"असू दे रिकामी." अनुपमानं पोरीच्या पाठीवरून हात फिरवला आणि बहिणीकडं सरळ पाहिलं. "ही शिकंल, हिचं लायसन व्हईल, तवा ही मला घेऊन जाईल. तवा बसंन मी."

"त्याला लई वर्षं लागतील."

"लागू दे."

मांडवातून आबांची हाक आली, "अनू, वाढ की गं!" दोघी बहिणींनी एकाच वेळी मान वळवली. अनुपमा पोरीला घेऊन मांडवाकडं निघाली. ज्ञानेश्वरी उघड्या दारापाशी थोडा वेळ उभी राहिली, मग खाली वाकून तिनं टोपी उचलली, माती झटकली आणि त्यांच्यामागं चालू लागली.